यादीबाहेरचं मशीन

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एका निवृत्त गृहस्थांना त्यांच्या ऑफिसातली जुनी सहकारी भेटली होती.

"सर, परवा तुमचं लॉगिन मीच बंद केलं. एक बटण दाबलं, की धडाधड सर्व्हरवरून नाव गेलं."

"आमच्या वेळी वही घेऊन एकेका मशीनवर नाव खोडत फिरायचो. माणूस जायला तीन दिवस लागायचे!"

"आणि एखादं राहिलं, की तुम्ही केवढे ओरडायचात!"

"ओरडणारच. गेलेल्या माणसाकडे किल्ली ठेवतात का? म्हणून तर सगळी नावं एका यादीत आणली. यादीतून नाव गेलं, की चाळीस सर्व्हरची दारं बंद."

"एकोणचाळीस, सर."

"म्हणजे?"

"कोपऱ्यातलं जुनं मशीन यादीला जोडलेलंच नाही. तुम्हीच म्हणाला होतात, म्हातारं झालंय, त्याला छळू नका."

"म्हटलं असेन."

"त्यावर तुमचं लॉगिन अजून चालू आहे. रोज सकाळी नऊला कुणीतरी त्यातून आत येतं. दोन मिनिटं थांबतं आणि कशालाही हात न लावता जातं."

"बत्तीस वर्षं नऊच्या ठोक्याला हजेरी लावली गं. आता घरी बसूनही हात आपोआप जातो."

"मी कुणाला बोलले नाही. राहू दे का?"

"वेडी आहेस का? हेच शिकवलं का मी तुला? काढून टाक."

"बरं. आज गेल्यावर काढते."

"उद्या काढ. सव्वानऊला."