सही खरी कशावरून?

...नाही, पण मी म्हणतो, सही खरी कशावरून? तुम्हाला सांगतो, आपल्या काळ्या माणसांची आत्मचरित्रं, तीही पहिल्या आवृत्तीची, त्यावर पुन्हा लेखकाची सही, असलं गोळा करायचा नाद वैऱ्यालाही लागू नये! माझ्याकडे दोन कपाटं आहेत. एक खऱ्या सह्यांचं, एक संशयितांचं. संशयितांचं ओसंडून वाहतंय, आणि खऱ्यांच्यात बायकोने हिवाळ्यातले कोट टांगलेत, कारण आत दुसरं काही नव्हतंच. ती म्हणते, "रॉस्को, लग्नाच्या कागदावरची माझी सहीसुद्धा तू भिंगाने बघितली होतीस." बघितली होती. मग?

तर गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात जुन्या सामानाची विक्री. सगळी मंडळी तळलेल्या कोंबडीच्या रांगेत, मी पुस्तकांच्या टेबलाशी, आणि तिथे चिरा गेलेल्या कपबश्यांखाली कोण? कॉर्नेलियस व्हॅन्स! जन्मभर रेल्वेच्या झोपायच्या डब्यात गोऱ्यांच्या उशा झटकल्या, बूट चमकवले, आणि नोकरी सुटल्याबरोबर आत्मचरित्रात एकेकाची लक्तरं वेशीवर टांगली. मोजक्या प्रती, त्याही शिकागोभर चर्चच्या दारात उभं राहून स्वतः विकलेल्या. अर्धं आयुष्य शोधतोय मी हे पुस्तक. आणि टेबलामागच्या व्हर्नेलबाई गोड हसून म्हणतात, "न्या हो ब्रदर टिलरी, पैशाच्या डब्यात टाका वाटेल ते."

वाटेल ते? पाणी मुरत होतं कुठेतरी! काढलं भिंग. कागद जुना, शाई जुनी, सहीतली वळणं बरोबर. फक्त सहीवरच कुणा गाढवाने कॉफीचा कप ठेवलेला, गोल डाग... आणि मग वरचा मजकूर वाचला. "आर्झेलियास. तुझ्या हातच्या गोड, गरम पीच कॉब्लरसाठी दोनदा गाडी चुकवली. तिसऱ्यांदाही चुकवीन."

आर्झेलिया नावाची बाई आमच्या चर्चमध्ये एकच. माझी आई.

तुम्हाला सांगतो, जन्मभर देवाला म्हणत आलो, सही खरी निघू दे, आणि आता म्हणतोय, बाबा रे, एवढी एक खोटी काढ! कारण खाली तारीख. तेव्हा बाबा चांगले धडधाकट, आणि पुढच्या वर्षी माझा जन्म... हसू नका. घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो, मुखपृष्ठावरच्या व्हॅन्सच्या फोटोतलं नाक भिंगाने बघितलं, मग माझं बघितलं. नाकाचं काही कळत नाही हो भिंगाने, नुसती भोकं मोठी दिसतात.

शेवटी आईकडे गेलो. ती स्वयंपाकघरात भेंड्या चिरत होती. पुस्तक पुढे ठेवलं. म्हटलं, "आई, ही सही खरी कशावरून?"

तिने सुरी खाली ठेवली. "खरी आहे. मजकूर मी सांगितला, त्यांनी लिहिला. तुझा बाप माझ्या हातच्या खाण्याला कधी बरं म्हणाला नाही. म्हटलं, जळू दे जरा. टेबलावर उघडं ठेवलं, तर त्याने त्यावर कप ठेवला आणि पेपर वाचत बसला." मग नाकाकडे गेलेला माझा हात बघून म्हणाली, "आणि नाक तुझ्या बापाचंच आहे, मूर्खा."

एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं! पण ती त्या डागावरून बोट फिरवत राहिली. चर्चच्या बायकांनी तिचं कपाट आवरून देताना ते पुस्तकही विक्रीला नेलं होतं, आणि ही महिनाभर घर पालथं घालत होती.

"सही हवी तर कापून घे," म्हणाली, "कपाचा डाग तेवढा माझा."

कापून? पहिली आवृत्ती? आणि डाग तर बरोब्बर सहीवर! तरी जित्याची खोड, तोंडातून निघून गेलंच, "डाग बाबांचाच कशावरून?"

"दुसरा कप दिला तेव्हा म्हणाला, कॉब्लर आहे का अजून," आई म्हणाली. "तेवढंच म्हणाला जन्मात." आणि डोळे पुसून भेंड्या चिरायला लागली.

तर उभ्या आयुष्यात एक सही खरी निघाली, तीही आईच्या उशाखाली गेली. कपाटात? कोट आहेत, बायकोचे.