चांगला स्टँड

कॅमेऱ्याच्या दुकानात एक शिंपी आपल्या नंबराची वाट बघत होता. पुढे एक भाऊ-बहीण ट्रायपॉड निवडत होते.

"ताई, बजेट एवढंच आहे, तर पायांत वाचवू, कॅमेरा बसतो ते वरचं डोकं मात्र मजबूत घेऊ. जड लेन्स लावली की स्वस्तातलं हळूहळू खाली झुकतं."

"हे तुला तेव्हा माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. म्हटलं, एका फोटोपुरता कशाला महागाचा?"

"टायमर लावून तू धावत आलास, तेवढ्यात ते झुकलं. सगळ्यांची मुंडकी उडाली. आईचे नुसते हात आलेत."

"पुन्हा काढूया म्हणालो होतो मी."

"तीही म्हणाली होती. हॉस्पिटलातून मी घरी आले की काढू, म्हणे."

दुकानदाराने विचारलं, "फोटोत माणसं किती?"

"आता आम्ही दोघंच."

"मग साधाही चालेल की."

"नको," भाऊ म्हणाला, "चांगलाच द्या."