गॅसच्या बाजूनं

पडेगावच्या भास्करचं सांगायचं राहिलं. माझ्याकडं रसायनशास्त्र शिकायचा. गॅस जळताना जुने बंध तोडायला किती ऊर्जा लागते, नवे जुळताना किती सुटते, सगळं बरोबर काढायचा. फक्त उत्तराला उणे लावायचं सोडून अधिक लावायचा.

"सर, उष्णता आपल्याला मिळाली, मग उणे कसं?"

"आपल्या बाजूनं नाही, गॅसच्या बाजूनं बघ. त्याची गेली."

"नाय पटत."

परवा त्याच्याकडं गेलो. शेत विकून बंगला बांधलाय. म्हटलं, "झकास झालंय."

"आपल्या बाजूनं अधिकच आहे, सर," तो म्हणाला. "पण बाबा अजून रोज सकाळी शेताकडं निघतात, अन् गेटपाशी जाऊन उभे राहतात. तुमचं उणे आता पटलं."