बाथरूमच्या भिंतीला स्टे

…आणि वर कोर्टातले साहेब मलाच विचारतात, "आजोबा, तुम्ही आमच्याकडे आलातच कसे?" अहो, पायी आलो! तीन जिने चढून आलो! तुम्हाला सांगतो, कुलपं दुरुस्त करण्यात माझी पन्नास वर्षं गेली, कसलंही कुलूप आणा, बोलता बोलता उघडून देतो, पण या कोर्टाच्या कुलपाला किल्ली घालायचं भोकच सापडेना!

झालं काय, आमची इमारत पाडून नवी बांधायची. बिल्डरने करारात लिहून दिलं, आधी राहायला दुसरी जागा, मग हातोडा. बाकीचे निघून गेले, कुणी लेकाकडे, कुणी जावयाकडे. तळमजल्यावर उरलो मी आणि आमची ही. जागेचा पत्ता नाही, हातोडा मात्र सोमवारी सकाळी आठला हजर! आता या वयात दोघांनी जायचं कुठं? धावलो वकिलाकडे. तो म्हणाला, "काका, घाबरू नका. केस चालेल तेव्हा चालेल, तोवर तात्पुरता स्टे आणू. पाडकाम बंद!"

पहिलं कोर्ट. साहेबांनी कागद चाळले, चष्मा कपाळावर नेला. "दाव्याची रक्कम मोठी आहे. हे आमच्या हद्दीत येत नाही. वर जा."

वर गेलो. तिथले साहेब म्हणाले, "करारात लवादाचं कलम आहे. भांडण त्या पंचापुढे न्या. आमच्या हद्दीत येत नाही."

पंचाकडे गेलो. निवृत्त गृहस्थ, कुत्र्याला फिरवत होते. "बिल्डरने माझ्या नेमणुकीवर सहीच केलेली नाही. तोवर स्टे द्यायचा तर कोर्टाने. माझ्या हद्दीत येत नाही हो!" आणि कुत्रा माझ्यावर भुंकला. आपली हद्द कुठवर, हे त्या सगळ्यांत त्या एकट्यालाच ठाऊक!

मग मलाही चटकच लागली. ही म्हणाली, "अहो, जरा भाजी आणता?" मी चष्मा कपाळावर नेला. "हे आमच्या हद्दीत येत नाही." ही शांतपणे म्हणाली, "बरं. मग आजचं जेवण माझ्या हद्दीत येत नाही. अपील करायचं तर तुमच्या आईकडे करा. वर गेल्यात त्या." …भाजी आणली.

तर पुन्हा वरचं कोर्ट. आमचा वकील म्हणतो, पंच नेमेपर्यंत या कोर्टाला स्टे देता येतो. त्यांचा म्हणतो, येत नाही. येतो! नाही येत! तीन तारखा! घर पडतंय का, कुणी विचारेना! पहिल्या तारखेला माझा कठडा गेला, दुसरीला व्हरांडा, आणि तिसरीच्या आदल्या संध्याकाळी बाथरूमची रस्त्याकडची भिंत… सबंध भिंत हो! बादली तिथेच, नळ तिथेच, आणि समोर बसस्टॉप!

पण तिसऱ्या तारखेला काय सांगू! साहेब म्हणाले, "आहे! हे आमच्या हद्दीत आहे! पुढचा हुकूम होईपर्यंत जागा जैसे थे." मी वकिलाला मिठीच मारली. बाहेर पडलो तो थेट गवंड्याला घेऊन घरी. म्हटलं, उचल विटा, घाल भिंत!

तर बिल्डरचा मुकादम दात काढत उभा, हातात हुकुमाची नक्कल. "काका, जैसे थे म्हणजे जैसे थे. आम्ही वीट काढायची नाही, तुम्ही वीट लावायची नाही."

"अरे, निदान पडदा?"

"पडद्याला खिळा लागतो, काका. खिळा ठोकलात की हुकूम मोडला."

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. अर्ज करू. तारीख दोन महिन्यांनी."

म्हणजे मी जिंकलो! तुम्हाला सांगतो, रोज सकाळी मी छत्री उघडून आंघोळ करतो. हिच्या आंघोळीला मी चादर धरून उभा राहतो, पण माझ्यासाठी चादर धरायची म्हटलं की म्हणते, "तुम्हाला कोण बघतंय?"

परवा अंगाला साबण लावतोय, तर कोर्टाचा बेलिफ थेट बाथरूममध्ये! "अहो, दारातून यायचं ना!" "दाराला कडी होती आजोबा, इथून उघडं दिसलं." बिल्डर अपिलात गेलाय म्हणे. मुद्दा काय? तर स्टे देणं त्या कोर्टाच्या हद्दीतच नव्हतं! "नोटीस मिळाल्याची सही करा." आता एका हातात छत्री, आणि कागद धरायला एक हात, पेन धरायला एक हात…

केली सही. कशी केली, ते समोरच्या बसच्या रांगेला विचारा.