न उडवलेलं हेलिकॉप्टर

...आणि झोप कशी लागणार हो, तुम्हीच सांगा! लेक चार वर्षांची झाल्यावर मी पुन्हा हेलिकॉप्टर उडवायला रुजू झालेली, पहिलाच आठवडा, आणि डोक्यात एकच भुंगा... उद्या मी 'नाही' म्हटलं, तर ते अकलेने म्हणतेय की भीतीने, हे मला तरी कळेल का? कारण मी म्हणजे पोरीला घसरगुंडीवरसुद्धा दोन्ही हातांनी धरून खाली आणणारी बाई! मी भित्री, मान्य. पण पुस्तक भित्रं नाही!

पुस्तक म्हणजे फ्लाइट मॅन्युअल. त्यात 'मर्यादा' नावाचं प्रकरण असतं, तिथे घासाघीस चालत नाही.

सकाळी ज्यांना घेऊन उडायचं, ते साहेब हजर. वारा असा की साहेबांचा टाय खांद्यावरून मागे बघतोय! मोजला, पंचेचाळीस नॉट. पुस्तक म्हणतं, डोक्यावरचा पंखा सुरू करायचा तर चाळीसपर्यंतच. म्हटलं, "सर, थांबावं लागेल."

"अहो मॅडम, वर गेल्यावर याहून जास्त वाऱ्यात उडतोच की आपण!"

उडतो ना! तुम्हाला सांगते, इथेच तर सगळे फसतात. पाती वेगात फिरली की ताठ असतात. पण सुरू होताना हळू फिरतात, तेव्हा लवलवतात, एक झोत आला की पातं वर उचललं जातं आणि खाली येतं ते थेट आपल्याच शेपटीवर! जमिनीवर, उभ्याउभ्या!

"पण बाजूने वारा असताना हवेत एका जागी तरंगून दाखवलंय, असं लिहिलंय की त्यात!" साहेब अर्धं पुस्तक वाचून आलेले.

"सर, ते तरंगण्याचं. आपण अजून सुरूच कुठे केलंय?"

तर साहेब हसून म्हणतात कसे, "पोरंबाळं झाली की माणूस जरा घाबरायला लागतो, नाही?"

अहो, हेच तर मी रात्रभर स्वतःला विचारत होते! पण आवाज? असा खणखणीत निघाला की मीच दचकले! "सर, मी भित्री, मान्य. पण पुस्तक भित्रं नाही!"

साहेब तणतणत गाडीने गेले. आणि गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच वारा... पडला! पान हलेना! फोन लावला, तर उचलतायत कशाला!

पण खरं सांगू? घरी गेले ती मान ताठ करून. लेकीला मांडीवर घेतलं, म्हटलं, "आज आईने केवढं मोठं काम केलं माहितीये? आईने हेलिकॉप्टर उडवलंच नाही!"

तिने जरा विचार केला, आणि म्हणाली, "बाबा तर रोजच उडवत नाही."