लाल खेकडा आणि ठमाबाईचा भाऊ

आणि वर तो खेकडा लाल! तुम्हाला सांगतो, माझा जन्म गेला या उरणच्या खाडीकाठी, एक खोलीची शाळा आणि मी एकटा मास्तर, पण जिवंत खेकडा लाल असा मी अजून पाहिला नाही. लाल खेकडा म्हणजे शिजलेला खेकडा. तो शिजलेला खेकडा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर टोपी घालून हसतोय, आणि खाली माझं नाव... दत्तात्रेय गुरुजी. मी पत्र टाकलं प्रकाशकाला, तर मुंबईहून उत्तर आलं एका ओळीचं. 'मास्तर, मुलांसाठी आहे हो.'

बरं, रंगाचं सोडा. गोष्ट कुणाची? ठमाबाईची. ही ठमाबाई म्हणजे मिठागरावर हयात घालवलेली म्हातारी, तिची नात जनी माझ्याच शाळेत चौथीत. आमच्याकडे कसं, इकडे भातशेती, तिकडे खाडी, आणि मधे मातीचा एक बांध. त्या बांधाला खेकडे भोकं पाडतात, भोक वाढत जातं, आणि उधाणाला तिथेच खांड पडते, म्हणजे बांध फुटतो आणि समुद्र घरात. म्हणून दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ठमाबाई शाळेच्या ओट्यावर बसून पोरांना गोष्ट सांगायची. नऊ वर्षांची ठमी, पाच वर्षांचा तिचा भाऊ चंदर. ठमीला बांधात भोक दिसलं, ती म्हणाली उद्या बुजवीन, आणि गेली खेळायला. त्याच उधाणाला खांड पडली आणि चंदर गेला. बस, एवढीच गोष्ट. मग एकेक पोर उठायचं, ओंजळभर चिखल घ्यायचं आणि बांधाकडे पळायचं. मी वीस वर्षं मुलांना स्वच्छतेवर भाषणं दिली, एकानं नखं कापली नाहीत!

मला वाटलं, हे लिहून काढावं. न विचारता नाही हो, इतका काही मी हा नाही. विचारलं. म्हातारी म्हणाली, "लिवा मास्तर. पन चंदर गेला ह्ये काढायचं न्हाय. त्ये काढलं तं मंग गोष्टीत हाय काय?" मी म्हटलं, शब्द देतो. दिला की नाही शब्द? दिला.

आणि तो शब्द घेऊन गेलो गिरगावात. प्रकाशक म्हणजे काय विचारता, डोक्यावर पंखा, तोंडात पान, मान तिरकी... 'वा मास्तर, वा! काय खेकडा उभा केलाय! फक्त तो पोरगा मरतो ना, ते जरा... मुलं झोपायची नाहीत हो. मुलांसाठी आहे.' मी म्हटलं, अहो, मी बाईला शब्द दिलाय. 'असं करू, खेकडा त्याचा मित्र. पूर आला की चंदर त्याच्या पाठीवर बसून काठाला येतो.' पाच वर्षांचं पोर! खेकड्याच्या पाठीवर! मी म्हटलं, निदान ठमाबाईचं नाव तरी घाला. 'नाव कशाला? मुलं नावं वाचतात का? मुलांसाठी आहे हो, मास्तर.' आणि कागद पुढे सरकवला. इथे सही. मी केली. का केली म्हणून विचाराल... त्यानं माझं नाव मोठ्या टायपात छापून दाखवलं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पुस्तक हातात आलं तसा धावलो पनवेलला, वकिलाकडे. म्हटलं, सत्तावन्न सालचा लेखनहक्काचा नवा कायदा झालाय म्हणतात, काही करता येईल? त्यानं चष्मा पुसला. 'गोष्ट कुणाची?' बाईची. 'तिनं रचली?' रचली कसली, तिच्यावर गुदरली. 'मग ती गोष्ट नव्हे, घटना. घटनेला मालक नसतो, मास्तर. हक्क लिहिणाराचा. लिहिलंत तुम्ही, आणि देऊनही टाकलंत तुम्हीच.' म्हणजे बघा, भाऊ बुडाला तो बाईचा, आणि बाईला त्यात कायद्यानं काही नाही. माझं होतं ते मी सही करून देऊन मोकळा.

यंदा ठमाबाई ओट्यावर बसली. सांगता सांगता चंदरपाशी आली, तर सगळी पोरं एका सुरात, 'नाही आजी, चुकलं, तो वाचतो! पुस्तकात आहे!' चिखल कुणी उचलला नाही. उलट भोकापाशी भाकरीचे तुकडे ठेवून आली, खेकडेदादा जेवेल म्हणून. म्हातारी रागावली असती तर परवडलं असतं. ती काठी टेकत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वाचला म्हनतात. मंग मास्तर, हाय कुठं त्यो?"

काय सांगू? मुलांसाठी आहे, असं सांगू?

तेव्हापासून बांधावर चिखल घेऊन मी एकटाच फिरतो. गुडघे राहिले नाहीत, पण करतो काय. आणि एवढ्यावर भागलं असतं तरी मी बोललो नसतो, पण पुस्तक लागलं पूरक वाचनाला, आणि परीक्षेचा कागद वरून छापून आला. प्रश्न तिसरा, खेकड्याने चंदरला कसे वाचवले? गुण पाच. सगळ्यांनी लिहिलं, पाठीवर बसवून. जनीनं लिहिलं, 'खेकड्याने वाचवले नाही. चंदर आमच्या आजीचा भाऊ होता. तो बुडाला.' अक्षर सुरेख, एक काना चुकला नाही. लाल पेन्सिल हातात घेऊन मी किती वेळ बसलो म्हणून सांगू... पण तपासलेले पेपर वरती फेरतपासणीला जातात, आणि माझी पेन्शन दोन वर्षांवर आहे.

शून्य दिलं. आणि खाली शेरा लिहिला, 'पुस्तक नीट वाचावे.'