डाव्या पिळाची म्हैस

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारते. प्रश्न माझा नाही हं! त्या उजव्या खांबाला टेकून बसल्यात ना, माझ्या वर्गातल्या समिधा आणि शर्वाणी, त्यांनी पैज लावलीय. म्हणाल्या, "रामनवमीच्या कीर्तनात, भरल्या मंडपात, मुख्याध्यापिकाबाई पहिल्या रांगेत बसलेल्या असताना विचारून दाखव!" तर विचारते —

शाळा-कॉलेजात जे शिकलात, त्यातलं पुढे कामाला काय आलं हो?

हसू नका! बाई, तुम्हीसुद्धा हसताय! सांगा की कुणीतरी. काय म्हणालात काका? "पाढे!" बरं. मागून कोण ओरडलं? "सही करायला शिकलो!" अरे वा, एवढी वर्षं बाकावर बसून शेवटी सही! आणखी? ... बघा! पेटीवरचे बिद्रेकाकासुद्धा भाता दाबून विचारात पडले!

आता या प्रश्नाच्या पोटात माझा प्रश्न आहे. शाळेत आपल्याला उत्तरं द्यायला शिकवतात. इतिहासाचं, भूगोलाचं, बीजगणिताचं. पण उत्तर येतच नसेल तेव्हा काय करायचं — हे कुणी शिकवलं? नाही ना? उलट काय सांगतात? परीक्षेच्या आदल्या दिवशी आई सांगते, वर्गात सर सांगतात, शेजारच्या काकू अंगणातून ओरडून सांगतात, "पेपर कोरा सोडू नकोस गं! काहीतरी लिही! लिहिलं तर मार्क मिळतात!"

काहीतरी लिही! मंडळी, आजचं आख्यान या "काहीतरी"चं आहे. ऐका!

आपल्या बाजारपेठेत हुक्केरींचं किराणा दुकान आहे. त्यांची मुलगी गिरिजा. आता डॉक्टर गिरिजा हुक्केरी — माणसांची नाही, जनावरांची डॉक्टर! आपल्याच शाळेत शिकली. हुशार किती? तिच्या पेपरात कोरी जागा शोधायची झाली तर भिंग लागेल! प्रश्न येवो न येवो, ताई लिहिणार. अक्षर मोत्यासारखं, भाषा ठसठशीत. वाचणारा दबूनच जायचा. त्याला वाटायचं, एवढं ठामपणे लिहिलंय म्हणजे खरंच असणार!

अशी ही गिरिजाताई व्हेटर्नरी कॉलेजात गेली. तिथेही पहिली! आणि मग पुस्तकं संपली. आता खऱ्या जनावरांपाशी उभं राहायचं, वर्षभर उमेदवारी करायची. कुणाच्या हाताखाली? रणनवरे सरांच्या!

रणनवरे सर म्हणजे कोण? उंच, काटकुळे, खिशात कायम थर्मामीटर. पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांना एका गाईसमोर उभं केलं. गाय मान खाली घालून उभी. सर म्हणाले, "हिला काय झालंय?"

बाकीची मुलं एकमेकांकडे बघतायत. गिरिजाताई पुढे! "सर, हिला अपचन झालंय. चाऱ्यात अचानक बदल झाला की असं होतं. त्याची कारणं अशी, लक्षणं अशी, औषधं अशी —" धाड धाड धाड! आगगाडी नुसती!

सर म्हणाले, "झालं?"

"हो सर."

"गाईला हात लावलास?"

"नाही सर."

"तिच्या मालकाला काही विचारलंस?"

"नाही सर. पण बहुतेक वेळा —"

"बहुतेक वेळा!" सर म्हणाले, "आणि ही गाय त्या बहुतेकांतली नसली तर?"

आता आली का पंचाईत!

सर म्हणाले, "बाळांनो, परीक्षेत अंदाज चुकला तर तुमचा मार्क जातो. इथे चुकला तर दुसऱ्याचं जनावर जातं. म्हणून आजपासून आपली रीत अशी. जनावरापुढे उभं राहिलं की पहिलं वाक्य — मला काय माहीत नाही. दुसरं — ते कसं शोधणार. तिसरं — काय माहीत आहे. आणि जो न बघता अंदाज ठोकेल, तो संध्याकाळी सगळ्यांचे गमबूट धुणार!"

मंडळी, तुम्ही कधी गोठ्यातून आलेला गमबूट धुतलाय? नाही? मग तुम्हाला शिक्षेची कल्पना नाही! आणि रोज कोण धुणार? आमची पहिली आलेली गिरिजाताई! कारण सवय! प्रश्न आला की तोंड उघडलंच! सर विचारायचे, "या शेळीचं वय काय?" — ही शेळीचे दात न बघता सांगून मोकळी! चला, गमबूट! पोरांनी नावच पाडलं, गमबूट गिरिजा. घरी फोन करून रडायची. "बाबा, इथे हुशारीची किंमत नाही. हे सर मला मुद्दाम छळतात." हुक्केरीकाका काय बोलणार? ते म्हणायचे, "धुऊन टाक बाई, हात झिजत नाहीत."

आता कुणी म्हणेल, काय हे शिक्षण! एवढी शिकलेली पोर, आणि "माहीत नाही" म्हणायला शिकवायचं? त्याला शिकवणी कशाला लागते? मंडळी, लागते! प्रयोग करून बघा. उद्या बसस्टँडवर कुणी पत्ता विचारला आणि तुम्हाला ठाऊक नसला, तर तोंडातून काय निघतं? "असं करा, सरळ जावा, मग डावीकडं कुणालातरी विचारा!" बघा, हसायला लागलात! म्हणजे आपण सगळेच पेपर कोरा न सोडणारे!

असो. उमेदवारी संपली. गिरिजाताईला इकडेच एका दूधसंघात नोकरी लागली. मोटरसायकल मिळाली, मागे औषधांची पेटी, आणि पहिल्याच आठवड्यात, भर दुपारी फोन —

"डाक्टरीणबाई! हौसाक्का बोलतीया, हेळेवाडीची! माजी म्हस अडलीया वो! सकाळधरनं कळा देतीया, रेडकू काय भायेर येईना! बिगी बिगी या!"

ताई पोचली. गोठ्यात अर्धं गाव जमलेलं. मधोमध चांदणी म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका, डोळे मोठे झालेले, धापा टाकतेय. आणि हौसाक्का तिच्या मानेला मिठी मारून, "माजी बाय गं, धीर धर गं." नवरा गेल्यापासून हौसाक्काच्या घरात तीच एक बोलायला. म्हणजे म्हैस बोलत नाही, हौसाक्का बोलते आणि म्हैस ऐकते. अशी जोडी!

गिरिजाताईनं लांब हातमोजा चढवला आणि तपासायला हात आत घातला. नाकं मुरडू नका! आपण सगळे त्याच दुधाचा चहा पितो! — हात आत गेला आणि तिच्या लक्षात आलं. पिशवीला पीळ पडलाय! ओला कपडा पिळतो ना आपण, तशी रेडकाची पिशवी, म्हणजे गर्भाशय, पिळली गेलीय. वाटच बंद. रेडकू येणार कुठून?

आता यावर उपाय आहे. ऑपरेशन नाही, काही नाही. म्हशीला आडवं पाडायचं, पोटावर फळी दाबायची आणि म्हशीला लोळवायचं. म्हैस फिरते, आतली पिशवी फळीनं जागच्या जागी राहते, पीळ सुटतो. पण! पण मंडळी, ज्या बाजूला पीळ, त्याच बाजूला लोळवायचं. उलट लोळवलं तर? पीळ आणखी घट्ट! पिशवी फाटेल, रेडकू जाईल, म्हैसही जाईल!

मग पीळ कुठल्या बाजूचा? उजवा की डावा?

गिरिजाताई चाचपतेय. म्हैस कळ देते, आत हात आवळला जातो, बोटं बधिर होतात. कळत नाही! आणि बाहेर गाव उभं. मिशा पिळत बाळूतात्या पैलवान पुढे आले, "हं, बोला डाक्टरीणबाई. कंच्या बाजूला टाकायची? दोर तयार हाय!"

आणि तिच्या डोक्यात पुस्तक उघडलं. पान डोळ्यांसमोर — "म्हशींमध्ये बहुतेक वेळा पीळ उजवा असतो." बहुतेक वेळा! जिभेवर शब्द आला, "उज —"

तबल्यावरचे काका, थांबा, हात थांबवा! इथे कुणी काही वाजवू नका. इथे माणूस तयार होतो की नाही ते ठरतं.

एवढी वर्षं तिनं एकही प्रश्न कोरा सोडला नव्हता. आणि आता अख्खं गाव बघतंय, पहिलाच आठवडा, तरुण वय, वर बाई. आधीच लोक म्हणत होते, "पोरगी काय करणार?" "उजवीकडे" म्हटलं असतं तर सगळ्यांनी माना डोलवल्या असत्या. ठसठशीत उत्तर! पूर्ण वाक्यात! पण हाताखाली कागद नव्हता. चांदणी होती.

एक साकी, म्हणजे कीर्तनातलं दोन ओळींचं पद, म्हणून दाखवते, माझीच आहे, जुळली नसेल तर बिद्रेकाका नंतर कान पकडतील —

*पीळ कळेना, हात थांबला, घाम कपाळी आला,*
*ठाउक नाही म्हणावयाचा धीर तिला परि झाला!*

गिरिजाताई म्हणाली, "मला बाजू कळत नाहीये. मी विचारते."

झालं! गोठ्यात गलका. बाळूतात्या म्हणाले, "आँ? डाक्टरीणच म्हणती कळंना! मग आमी काय गाडीवरचा बोर्ड बगून बोलिवलं व्हय? कालिजात शिकवलं काय हिला?"

ताईचा चेहरा लाल. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी. तेवढ्यात हौसाक्का गरजली, "गप बस तात्या! कळंना म्हणाली, पळून न्हाई गेली! कुनाला इचारायचं पोरी? सांग, फोन लाव."

पण फोन लावणार कशी? एक हात म्हशीत, दुसरा चिकट! शेवटी हौसाक्कानं ताईच्या खिशातून फोन काढला, ताईनं सांगितलेला सरांचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू करून ताईच्या कानाशी धरला. अख्खा गोठा ऐकतोय!

"सर, गिरिजा बोलतेय. म्हैस आहे. पिशवीला पीळ आहे. बाजू मला माहीत नाही."

 पलीकडून सरांचा आवाज, "हात आत आहे?"

"हो सर."

"कळ देईल तेव्हा हात हलवू नकोस. ओसरू दे. ... ओसरली? आता वरून चाचपड. ताणलेली पट्टी लागतेय का, दोरासारखी?"

"लागतेय सर."

"मला तुझा अंदाज नको. बोटांना काय लागतंय तेवढंच सांग. कुठून कुठे जाते?"

 बाळूतात्यांच्या हातातला दोर तसाच!

"उजवीकडून निघते, सर... वरून आडवी येते... आणि डावीकडे खाली जाते." आणि एकदम तिचा आवाज फुटला, "सर! डावा पीळ! डावा आहे!"

"मग लोळव डावीकडे. आणि फोन ठेव आता, तुला दोन्ही हात लागतील."

डावा, मंडळी! डावा! "बहुतेक वेळा" उजवा, आणि आमची चांदणी नेमकी दुसरी निघाली! नुसता तो एक शब्द पुरा बाहेर पडला असता तर — नको, बोलतसुद्धा नाही. म्हणा, श्रीराम जय राम जय जय राम!

मग काय! डाव्या कुशीवर चांदणी आडवी, पायांना दोर, पोटावर फळी, आणि फळीवर कोण? वजनदार माणूस पाहिजे! "तात्या, चढा!" बाळूतात्या चढले फळीवर, हात पसरून तोल सावरतायत, खाली पोरं दोर ओढतायत, "हेऽऽ ओढ!" म्हैस लोळली. तपासलं. पीळ तसाच. पुन्हा! "तात्या, दाबून धरा!" "दाबलंय की! आता काय जीव देऊ?" म्हैस पुन्हा लोळली, आणि ताईनं हात घातला मात्र, वाट मोकळी! भसकन पाणी आलं, ताई भिजली, तात्या भिजले, आणि थोड्या वेळानं दोन खुरं दिसली. पाठोपाठ नाकाडं!

ओढलं. रेडकू गवतावर पडलं. हालेना! ताईनं त्याच्या नाकातला चिकटा पुसला, गवताच्या काडीनं नाकपुडीत गुदगुली केली. आणि रेडकू काय करतं? — शिंकतं! भर गोठ्यात, बाळूतात्यांच्या धोतरावर!

गोठा हसला हो! हौसाक्का रडतेय आणि हसतेय. चांदणी मान वळवून रेडकाला चाटायला लागली. आणि बाळूतात्या धोतर झटकत काय म्हणाले? "डाक्टरीणबाई, माज्या गाईलाबी जरा बगता का? तिला काय झालंय ते मलाबी कळंना." बघा! पहिल्यांदा आयुष्यात तात्यांना काहीतरी कळंना! कळंना असं म्हणायला त्यांनाही डॉक्टरच लागली.

संध्याकाळी ताईनं सरांना फोन केला. म्हणाली, "सर, रेडी झाली. दोघी बऱ्या आहेत." सर म्हणाले, "छान. आता झोप नीट." एवढंच. फोन ठेवला आणि ताई आपल्या ओसरीवर बसून खूप वेळ नुसती हसत होती. तिनंच मला सांगितलं हे. म्हणाली, "अगं, एवढं हलकं मला पहिला नंबर आल्यावरसुद्धा नव्हतं वाटलं."

तर मंडळी, शिकलेलं कामाला येतं का? येतं की! ती पट्टी म्हणजे पिशवीला धरून ठेवणारा बंध, तो कुठे असतो, हे पुस्तकातच होतं. पुस्तक नसतं तर सर काय विचारतायत हे तिला समजलं नसतं. पण पुस्तकापासून गोठ्यापर्यंत एक वाट चालावी लागते, आणि त्या वाटेवर कुणीतरी आपल्याला "कळत नाही" म्हणायची सवय लावावी लागते. बाई, रागावू नका हं, पण पुढच्या वर्षी दहावीच्या तोंडी परीक्षेत एखादा असा प्रश्न विचाराल का, ज्याला "शोधून सांगते" म्हणणाऱ्याला पूर्ण मार्क? बाईंनी मान हलवली! बघितलंत सगळ्यांनी! साक्षीदार आहात!

आणि मोठ्या माणसांनो, तुम्हीसुद्धा! दुकानात, ऑफिसात, दवाखान्यात, घरात — पोरानं काही विचारलं आणि येत नसलं, तर कुठलंतरी "उजवीकडे" ठोकून देऊ नका. समोर कुणाची तरी चांदणी असते.

आणि पोरांना भेटेल तो विचारतो, "पुढे काय होणार?" आम्ही पण देतो ठोकून! इंजिनीअर, कलेक्टर, जे तोंडाला येईल ते! न बघता!

म्हणून, आई, बाबा, तिथे तुळशीपाशी बसलाय ना, जरा वर बघा. घरात सांगायला जमत नव्हतं, इथे एवढी माणसं आहेत, तुम्ही ओरडणार नाही. दहावी झाली. पुण्याच्या व्हेकेशन बॅचला, त्या सुट्टीतल्या क्लासला, मी जाणार नाही. सायन्स की कॉमर्स, मला अजून कळलेलं नाही, आणि बॅचमध्ये बसून कळणारही नाही. मी सुट्टीभर गिरिजाताईबरोबर गोठ्यांवर फिरणार आहे. मग दूधसंघाची लॅब बघणार आहे, मग शर्वाणीच्या मामाचं वर्कशॉप. आधी हात लावून बघते, जूनमध्ये सांगते. ताईला विचारलंय, ती हो म्हणालीय.

हुश्श! सांगितलं एकदाचं!

बाबा, तुम्ही हसताय? खरंच हसताय! मग ठरलं. सोमवारी सकाळी गिरिजाताई मला नाक्यावर घ्यायला येतेय. आई, डबा दोघींचा दे, ती स्वतःचा कधीच आणत नाही.